स्टीलच्या पत्र्यावर थिन फिल्म सिलिकॉन सोलर सेल करतोय, पत्र्याची आरएमएस रफनेस ४० नॅनोमीटरच्या खाली आणली की पुरे का?

नाही, पुरे नाही. आणि हा प्रश्न बघून मी लिहायला बसले, कारण या आरएमएसच्या (पृष्ठभागाच्या सरासरी चढउताराच्या) एका आकड्यापायी माझ्या पीएचडीचं जवळजवळ दीड वर्ष गेलंय.

मी स्टीलवर नाही, काचेवर काम करायचे. काचेवर झिंक ऑक्साईड आणि त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन (बारीक स्फटिकांच्या) सिलिकॉनचा तीन थरांचा पी-आय-एन सेल, त्यातला मधला, प्रकाश शोषणारा आय लेयर दोन मायक्रॉनच्या आसपास. आमच्या सरांचं म्हणणं सरळ होतं, सबस्ट्रेट, म्हणजे सेलखालचा पृष्ठभाग, जितका रफ तितका लाल प्रकाश जास्त विखुरणार आणि तितका करंट वाढणार. ते खोटं नाहीये. मी झिंक ऑक्साईड जाड वाढवला, त्याचे पिरॅमिड मोठे झाले आणि करंट चौरस सेंटीमीटरला २२ मिलिअँपवरून साडेचोवीसवर गेला, सर खूश. पण व्होल्टेज ५२० मिलिव्होल्टवरून ४६० वर आलं आणि फिल फॅक्टर (करंट आणि व्होल्टेजच्या गुणाकारातली किती टक्के पॉवर प्रत्यक्ष मिळते तो आकडा) ७१ वरून ५८ वर, म्हणजे आठ टक्के कार्यक्षमतेचा सेल साडेसहावर आला.

सर म्हणाले, काच नीट धुतली नाहीस. मग मी काच धुतली. साबण, ॲसिटोन, आयपीए, डीआय वॉटर, अल्ट्रासॉनिक, नायट्रोजनने सुकवून लगेच चेंबरमध्ये, असं चार महिने, आणि तरी दर रनला तोच फिल फॅक्टर. सिनियर म्हणाला रिव्हर्स बायस दे, म्हणजे उलटं व्होल्टेज लाव, शंट (करंट गळण्याच्या आडवाटा) जळून जातील, तेही केलं, एका प्लेटवरचे दोन सेल सुधारले आणि बाकीचे होते तसेच. शेवटी ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घेतलं की हिचा हातच स्वच्छ नाही. ते अजून विसरलेले नाही.

त्या रात्री मी एकाच रनमध्ये दोन प्लेट शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींची आरएमएस ७० नॅनोमीटरच्या आसपास. एक आमची नेहमीची पिरॅमिडवाली आणि दुसरी स्पटर केलेल्या झिंक ऑक्साईडची, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये एच केलेली, म्हणजे वरून थोडी विरघळवलेली. धुणं तेच, धुणारे हात तेच, प्लाझ्मा तोच. एच केलेलीचा फिल फॅक्टर ७० आणि पिरॅमिडवालीचा परत ५८! एएफएमची (पृष्ठभागाचे नॅनोमीटरमधले चढउतार दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची) इमेज बघितली तर एकीवर पसरट वाट्या होत्या आणि दुसरीवर टोकदार व्ही आकाराच्या दऱ्या. आरएमएस फक्त उंची मोजतो, दरीचा तळ टोकदार आहे की गोल ते त्यातून कळतच नाही. सिलिकॉनचे कॉलम प्रत्येक उतारावर काटकोनात वाढतात, मग व्हीच्या तळाशी दोन्ही बाजूंचे कॉलम एकमेकांवर येऊन आदळतात आणि तिथून वरपर्यंत सच्छिद्र भेग राहते. करंट गळतो तो तिथून, ती धुण्याने कशी जाईल?

स्वित्झर्लंडच्या न्युशातेलच्या ग्रुपने हे आमच्या आधीच, २००८ च्या सुमाराला छापलेलं होतं, झिंक ऑक्साईडला प्लाझ्मा ट्रीटमेंट देऊन व्हीचा यू केला की भेगा कमी होतात आणि व्होल्टेज, फिल फॅक्टर दोन्ही परत येतात. मी तो पेपर सरांना दाखवला तर म्हणाले, आपली सिस्टिम वेगळी आहे. थिसिसमध्ये त्या सगळ्या कामाला अर्धं पान मिळालं.

म्हणून तुम्हाला सांगते, गाईडला आकडा देऊ नका, एएफएमची इमेज आणि लाइन प्रोफाइल द्या, आणि स्कॅन घेताना स्वतः तिथे बसा. सेल पडला की पहिला दोष मुलांच्या हातावर टाकायचा ही लॅबमधली सवय चुकीची आहे, आधी पृष्ठभाग बघायला हवा.

आता तुमचा पत्रा. रोलिंगच्या रुंद, संथ लाटा असतील तर त्यांची भीती नाही, त्यांनी आरएमएस वाढला तरी सेलला फारसा फरक पडत नाही. भीती आहे ती ओरखड्यांच्या उभ्या कडांची आणि वर आलेल्या टोकांची, कारण सेल अमॉर्फस (स्फटिक नसलेल्या) सिलिकॉनचा असेल तर आय लेयर ३०० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि अर्ध्या मायक्रॉनचं एक टोक सरळ आरपार जाऊन शंट करतं. तुमचा ४० आरएमएसचा पत्रासुद्धा अशा एका टोकाने मरू शकतो. मी असते तर पत्रा इलेक्ट्रोपॉलिश केला असता आणि रफनेस वरून मुद्दाम दिली असती, चांदी आणि झिंक ऑक्साईडच्या थरात, म्हणजे तिचा आकार आपल्या हातात राहतो.

हां, अगदी सपाट केलात तर करंट मार खाईल. अमॉर्फसमध्ये भेगांचा त्रास मायक्रोक्रिस्टलाइनपेक्षा कमी असतो हेही खरं, आणि डोप्ड लेयर (आय लेयरच्या दोन बाजूंचा पी किंवा एन थर) सिलिकॉन ऑक्साईडचा असेल तर बऱ्यापैकी रफ पृष्ठभागही चालून जातो. तुमचा नक्की कुठला सेल आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही. ते आणि एएफएमची इमेज टाका, मी बघते.