गुणाकार बंद कर

श्टुटगार्ट (जर्मनी), डिसेंबर 2025

चि. भाचेबुवा यांस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी घरी वाचला आणि ऑफिसला जाताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, पुन्हा वाचला. 'मावशी, फेब्रुवारीतला एक पेपर पुढच्या सत्रावर टाकून वेअरहाऊसच्या रात्रपाळ्या वाढवू का? महिन्याला चारशे युरो जास्त सुटतील. म्हणजे चाळीस हजार!' ते 'म्हणजे चाळीस हजार' वाचलं आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते कळलं.

काटकसर मी तुला शिकवणार नाही. झेडपीच्या शाळेत नोकरी करून, घर तारण ठेवून बापाने ज्याला पाठवलंय, त्याला ती कोणी शिकवावी लागत नाही. माझं सांगणं एकच आहे: गुणाकार बंद कर. युरो शंभरीपार गेल्यापासून तो फारच सोपा झालाय, दोन शून्यं लावली की काम झालं. त्या दोन शून्यांनी तुम्हा पोरांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं इथल्या थंडीनेही केलं नसेल.

परवा आल्डीत, त्या स्वस्त सुपरमार्केटात, तू तीन रंगांच्या ढोबळ्या मिरच्यांचं पाकीट उचललंस. तुझे ओठ हलले. पाकीट परत जागेवर गेलं. मग गोठवलेला पालक हातात घेतलास, पुन्हा ओठ हलले, तोही गेला. ट्रॉलीत शेवटी बटाटे, पास्ता आणि सर्वांत स्वस्त ब्रेड. मी काही बोलले नाही, कारण तुझ्या बरोबर तुझा रूममेट होता. आज बोलते. ती मिरची तुला बार्शीच्या बाजारात घ्यायची नाहीये रे! इथे राहायचं, इथल्या भावाने जेवायचं.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो कशाला भरून घेतले तुझ्याकडून? महिन्याला 992 हातात यावेत म्हणून. विद्यार्थ्याला जगायला एवढे लागतात, असा इथल्या सरकारचा हिशोब आहे. श्टुटगार्टची भाडी बघता तोही तंगच. आणि तू त्यातले तीनशे दर महिन्याला बाबांना परत पाठवतोस! तुझ्या आईने मोठ्या कौतुकाने सांगितलं मला. मला कौतुक नाही वाटलं. बँकेचंच कर्ज, तेच पैसे इथे आणायचे, पोटाला चिमटा काढून परत तिकडे पाठवायचे, जाता-येता फी आणि कमिशन द्यायचं. याला बचत म्हणत नाहीत.

डबा नेतोस हे उत्तम. पण तो लायब्ररीबाहेरच्या बाकावर एकट्याने का खातोस? मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, आपला डबा घेऊन बसलास तर कोणी हाकलत नाही. आठवड्यातून दोनदा तिथलं जेवण घे, विद्यार्थ्यांना सवलतीतच मिळतं. फाइहिंगन कॅम्पसच्या त्या टेबलांवर काय काय कळतं, हे तुला ठाऊक नाही. जुन्या प्रश्नपत्रिका फाखशाफ्टकडे, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, मिळतात, कुठल्या प्राध्यापकाला तोंडी परीक्षेत काय विचारायची खोड आहे, कुठल्या इन्स्टिट्यूटला हिवी, म्हणजे विद्यार्थी-सहाय्यक, हवाय. यातलं बरंचसं नोटीस बोर्डावर लागतच नाही. आणि हिवीचं काम व्हिसावर वर्षाला काम करायला मिळणाऱ्या 140 पूर्ण किंवा 280 अर्ध्या दिवसांत मोजलंही जात नाही! वेअरहाऊसचं काम मोजलं जातं. तू मात्र तीन युरोच्या कॉफीला 'तीनशे रुपये' म्हणून नाही म्हणालास, आणि त्या टेबलावरून उठलास तो उठलासच.

गुणाकार दुसऱ्या बाजूनेही फसवतो, ते अजून तुझ्या ध्यानात आलेलं नाही. जानेवारीपासून किमान वेतन तासाला 13.90 होतंय. शंभराने गुणलं की तुला खोके उचलताना राजा झाल्यासारखं वाटणार. तासाला चौदाशे रुपये! पण भाडं युरोत, विमा युरोत, केस कापणंही युरोत. गुणलेला खर्च भीती घालतो, गुणलेली कमाई चढते. दोन्ही खोटंच.

माझ्या घरच्यांनी माझा पहिला पगार असाच गुणला होता. मला कळायच्या आत पुण्यात टू-बीएचके बघून झाला होता, माझ्या नावावर हप्ते धरून. मी नाही म्हणाले. इथलं भाडं, इथला कर, पेन्शन-विम्याची कपात, सगळं कागदावर मांडून पाठवलं. कोणी वाचलं नाही. भाऊ बरेच दिवस बोलत नव्हता, आणि आजही लग्नाकार्यात कोणीतरी 'परदेशात राहून हात आखडता' असं ऐकवतंच. ऐकवू देत. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही आहे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे लागले तेव्हा कोणाच्या खात्यात होते, ते कोणी बोलत नाही. असो. विषय तुझा चाललाय.

तुला गुणायचंच असेल तर हे गुण. पेपर राहिला, सत्र वाढलं, तर काय? आपण युरोपियन युनियनच्या बाहेरचे, म्हणून या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सत्राला 1500 युरो फी. सहा महिने राहायचे 992 च्या हिशोबाने 5952. झाले 7452. लाव दोन शून्यं. सात लाख पंचेचाळीस हजार दोनशे! तेवढे भरून काढायला किती रात्रपाळ्या लागतील, ते तूच काढ, गणितात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. आणि नोकरी सहा महिने उशिरा लागणार ती वेगळीच. तो पेपर उन्हाळी सत्रात असतो का, हे तरी बघितलंस का? कुठला विषय कुठल्या सत्रात ते सांगणारं मॉड्यूल हँडबुक उघड आधी.

कर्जाचा हिशोब महिन्यातून एकदा रुपयात कर, पहिल्या रविवारी, बाबांशी बोलताना. हप्ता कधी सुरू होणार, व्याज किती चढलं, सगळं विचार. बाकीचे दिवस युरोत मिळव, युरोत खर्च कर, युरोतच मोज.

आणि खोकला आहे तर डॉक्टरकडे जा. विम्याचे पैसे दर महिन्याला कापले जातातच, दाखवायला वेगळे लागत नाहीत. पुण्याहून आणलेल्या त्या जॅकेटमध्ये तू जानेवारी काढणार नाहीस, हे मी लिहून देते. शनिवारी अकराला हाउप्टबानहोफला, मुख्य रेल्वे स्टेशनवर, ये, आपण जॅकेट घेऊ. पैसे मी देणार. किमतीची चिठ्ठी बघितलीस तर तिथेच कान धरीन, लोकांसमोर.

येताना परीक्षा-नोंदणीची शेवटची तारीख बघून ये.

तुझी,
मावशी