‘अ रिंकल इन टाइम’मध्ये नायिका मुद्दाम कृष्णवर्णीय केली, हे ओढूनताणून नाही का? मुलांना दाखवावा का?

दाखवा की. आणि ओढूनताणून म्हणाल तर, नायिका मेगच्या बाबतीत तरी मला तसं वाटलं नाही.

मॅडलिन लेंगल यांच्या १९६२च्या कादंबरीतलं कुटुंब गोरं होतं, मग २०१८च्या सिनेमात हा ‘कोटा’ कशाला, असं तुम्ही विचारलंय. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्यामुळं या शब्दानं आम्ही दचकत नाही. ते असो.

हरवलेल्या शास्त्रज्ञ वडिलांना शोधत मुलं कॅमाझॉट्झ नावाच्या ग्रहावर पोचतात. तिथं सगळी घरं एका साच्यातली. प्रत्येक घरापुढं एक पोर चेंडू आपटतंय, आणि सगळ्यांचे चेंडू एकाच ठेक्यात खाली जातात, एकाच ठेक्यात वर येतात. सगळ्यांना सारखं करून सोडणारी ताकद हीच या गोष्टीतली खलनायक आहे. अशा गोष्टीत नायिकेचं वेगळेपण नुसत्या चष्म्यावर का थांबावं? कादंबरीतल्या मेगलाही आपलं रूप, आपले केस खुपतच असतात. दिग्दर्शिका आवा डुव्हर्ने यांनी तीच खंत मेग झालेल्या स्टॉर्म रीडच्या दाट कुरळ्या केसांपाशी आणून ठेवली. शेवटाकडे मेगसमोर तिचीच दुसरी प्रत उभी राहते, सरळ केसांची, एकदम झोकदार. अशी हो, म्हणून तिला भुलवलं जातं.

हे मी भाचीबरोबर बघत होते. पोरीचे केस कुरळे. आमची आई रोज सकाळी वाटीभर तेल चोपडून तिच्या दोन घट्ट वेण्या घालते, वर ‘झिपऱ्या सोडून फिरू नको’ हे आहेच. राजारामपुरीतल्या एका पार्लरवालीनं तर न विचारताच स्ट्रेटनिंगचा दर सांगून ठेवलाय. अर्धा सिनेमा सोफ्यावर लोळत काढलेली ही पोरगी त्या दृश्याला उठून बसली आणि म्हणाली, “आत्या, ही नको. पहिलीच भारी होती.”

तुमची शंका मला पटते ती अभिनेत्री मिंडी कॅलिंगच्या बाबतीत. वडील तमिळ, आई बंगाली, त्यामुळं भाचीनं लगेच विचारलं, “ही आपली ना?” हो म्हटलं खरं, पण तिनं केलेली मिसेस हू, मुलांना वाट दाखवणाऱ्या तिघींतली एक, बहुतेक वेळ रूमी, शेक्सपिअर, बुद्ध अशी दुसऱ्यांचीच वाक्यं बोलते. कादंबरीतही ते पात्र तसंच आहे, मान्य. तरी पोस्टरवर मोठ्ठा चेहरा आणि गोष्टीत काम जेमतेम, याला मी भरतीच म्हणेन.

सिनेमा आपटला हेही खरं. १० कोटी डॉलरच्या वरचं बजेट कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं, आणि जगभरातली कमाई सुमारे १३ कोटींवर थांबली. लगेच काहींनी वैविध्याच्या नावानं बोटं मोडली. पण तीनच आठवडे आधी आलेल्या डिस्नेच्याच ‘ब्लॅक पँथर’नं १३० कोटींच्या वर गल्ला जमवला, त्याचं काय करायचं? माझ्या मते पटकथाच विस्कळीत आहे. एका ग्रहावर जीव रमेपर्यंत दुसरा येतो, सहलीच्या बससारखं चढा-उतरा चालू, आणि ओप्रा विन्फ्रेबाई आभाळाएवढ्या उंच होऊन उपदेश करतात.

सात-आठ वर्षांच्या आतलं पोर असेल तर मेगच्या धाकट्या भावाचा, चार्ल्स वॉलेसचा, ताबा घेतला जातो त्या भागाला शेजारी बसा, घाबरतं. आणि आपल्याकडं असं काही नाही का, असं विचारलंच, तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा हातात द्या. त्यांचा जन्म इथला कोल्हापूरचाच, १९३८चा. त्या कथांत शास्त्रज्ञ आपल्यासारखंच मराठी बोलतात.