जगप्रवासासाठी वर्षभर नोकरी सोडायची? जा, पण एप्रिलमध्ये नको

प्रश्न : माझं वय ३५. हिंजवडीत आयटी कंपनीत आहे, पीएफमधला कंपनीचा हिस्सा सोडून वार्षिक पगार २४ लाख. येत्या ऑगस्टमध्ये या कंपनीत पाच वर्षं होतील. नवरा घरून डिझाइनची कामं घेतो, महिन्याला सरासरी ७० हजार मिळतात. वाकडला टू बीएचके आहे, ३८ लाख कर्ज बाकी, हप्ता ४१ हजार. माझ्या नावावर म्युच्युअल फंडात ३१ लाख, नवऱ्याच्या नावावर १४ लाखांची एफडी, माझा पीएफ ११ लाख. मूल नाही. बोनस घेऊन मार्चअखेर नोकरी सोडावी आणि एप्रिलपासून दोघांनी वर्षभर जग फिरावं असा विचार आहे. बजेट २६ लाख. माझे आईबाबा कोथरूडला असतात, बाबांना मधुमेह आहे. ते म्हणतात, आधी कर्ज फेडा, मग काय ते फिरा. काय करावं?

उत्तर : जावं. पण एप्रिलमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये. तुमच्या पत्रात बजेटचा हिशेब तपशीलवार आहे आणि तारीख मात्र सहज ठरवलेली दिसते. माझ्या मते तुमच्या बाबतीत तारखेलाच जास्त किंमत आहे.

पहिलं कारण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती हक्काने मिळते. मार्चअखेर बाहेर पडलात तर तुमची चार वर्षं सात महिने भरतात, म्हणजे ती हातची जाऊ शकते. तुमचा बेसिक महिना ८० हजारांच्या आसपास असेल, तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी (बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५) किमान २ लाख ३० हजार होते, आणि तीही करमुक्त. पाच महिन्यांसाठी ती सोडू नका.

दुसरं कारण याहून मोठं आहे. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. तुमच्या बेताप्रमाणे एका वर्षात उत्पन्न शून्य आणि परत आल्यावर पुढच्या वर्षात पूर्ण २४ लाख. नव्या करप्रणालीत २४ लाख पगारावर प्रमाणित वजावट जाऊन, सेस धरून, सुमारे २ लाख ९२ हजार कर बसतो. त्याऐवजी सप्टेंबरअखेरपर्यंत काम केलंत आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये परत रुजू झालात, तर दोन्ही आर्थिक वर्षांत तुमचा पगार बारा-बारा लाख होतो. ७५ हजारांची वजावट गेली की उरतात सव्वाअकरा लाख, आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य. कमाई तितकीच, सुट्टी तितकीच, पण जवळजवळ तीन लाखांचा कर वाचतो.

हे काटेकोर सांभाळावं लागेल. एप्रिलमध्ये पगारवाढ झाली, बँकेचं व्याज जमा झालं, तर १२ लाखांची रेघ ओलांडली जाऊ शकते. म्हणून शेवटचा दिवस ठरवण्याआधी सीएकडून आकडेमोड करून घ्या. गरज पडली तर सप्टेंबरच्या मध्यावरच बाहेर पडा, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं तोवर झालेली असतील. कंपनीच्या पगार विभागाला आधी कल्पना द्या, नाहीतर ते वर्षभराचा पगार गृहीत धरून टीडीएस कापत राहतील आणि ते पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतील.

याच रेघेमुळे म्युच्युअल फंडांची विक्रीही आत्ताच करा. शेअर आधारित फंडांच्या नफ्यावर रिबेट मिळत नाहीच, पण तो नफा एकूण उत्पन्नातही धरला जातो, त्यामुळे त्या दोन वर्षांत विक्री केली तर पगारावरची सवलतही हातची जाऊ शकते. जे विकायचं ते येत्या ३१ मार्चच्या आत विका. वर्षभराहून जुन्या युनिटवर सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. तसंही दीड वर्षात लागणारे पैसे शेअर बाजारात ठेवणं मला पटत नाही. बाजार पडला असताना परदेशातून फंड विकायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

आता किती लागतील ते बघू. प्रवासाचे २६ लाख. फ्लॅट भाड्याने दिलात आणि भाडं २८ हजार धरलं तर हप्त्यातले दरमहा १३ हजार तुमच्या खिशातून जातील. सोसायटीचा मेंटेनन्स, विम्याचे हप्ते धरून वर्षाचे अडीच लाख ठेवा. घर देताना लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच हवा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) घेईल, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे लक्षात असू द्या.

मग येतो तो निधी ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही: परत आल्यानंतरचा. तुम्ही ऑक्टोबरमध्ये उतराल आणि त्याच महिन्यात नोकरी लागेल असं मी धरणार नाही. घरखर्च ७० हजार आणि हप्ता ४१ हजार, असे आठ महिने म्हणजे जवळपास नऊ लाख. हे पैसे निघण्याआधी वेगळ्या खात्यात टाका आणि पेरू देशात कितीही मोह झाला तरी त्यांना हात लावू नका. हाताशी आठ महिने असले तर मिळेल ती पहिली ऑफर कमी पगारात घ्यावी लागत नाही. त्या एका तडजोडीचं नुकसान पुढच्या प्रत्येक पगारवाढीत वाहत जातं. माझ्या लेखी या सुट्टीतली खरी जोखीम तीच आहे.

आईबाबांसाठी पाच लाखांची ठेव करा, त्यांच्या आणि पुण्यातल्या एखाद्या जवळच्या नातेवाईकाच्या संयुक्त नावावर. बेरीज साडेबेचाळीस लाख होते. एफडीचे १४, ग्रॅच्युइटी सव्वादोन, आणि एप्रिल ते सप्टेंबर दरमहा लाखभर शिल्लक टाकलीत तर सहा. उरलेले वीसेक लाख फंडांतून. म्हणजे ११ लाखांचे फंड आणि ११ लाखांचा पीएफ जागच्या जागी राहतो. नोकरी सुटली म्हणून पीएफ काढू नका. नवऱ्याची कमाई मी मुद्दाम धरलेली नाही. पर्यटक व्हिसावर काम करायला अनेक देशांत परवानगी नसते, आणि तो वेळही तुमच्या दोघांच्या प्रवासातूनच जाणार.

२६ लाख पुरतील का? विमानं, व्हिसा, विमा यांचे सात लाख काढले तर दिवसाला दोघांत सव्वापाच हजार उरतात. व्हिएतनाममध्ये त्यात छान भागेल. पॅरिस किंवा झुरिकमध्ये तेवढ्यात रात्रीची खोलीच जेमतेम मिळेल. बजेट वाढवू नका, पश्चिम युरोप कमी करा. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं, म्हणून ते सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही. सहा आठवडे पुरेत, बाकीचे दिवस जॉर्जिया, अल्बेनिया, तुर्कस्तानला द्या. युरोप सुरुवातीलाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरका. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, त्यामुळे पगाराच्या ताज्या स्लिपा आणि तीन वर्षांची रिटर्न जोडून तो पुण्यात असतानाच होईल. राजीनामा दिला असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि फ्लॅटची, ठेवींची कागदपत्रं जोडा. पुढे दक्षिण अमेरिका डिसेंबर-जानेवारीत घेतलीत तर पॅटागोनियात उन्हाळा असतो.

फॉरेक्स कार्डात भरलेल्या पैशांवर प्रत्येकी, प्रत्येक आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (बँक आगाऊ वसूल करते तो कर) नाही. दोघांत भाग केलात आणि मध्ये एप्रिल आला की हा प्रश्नच उरत नाही. बँकेशी जोडलेलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात.

आरोग्य विम्यावर मात्र थांबून विचार करा. तुम्ही आणि तुमचे आईबाबा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असाल, तर तुमच्या शेवटच्या दिवशी तिघांचंही संरक्षण संपतं. मधुमेह आधीपासून असल्याने नव्या पॉलिसीत त्यासंबंधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा लावता येते. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि झालेली वर्षं प्रतीक्षेतून वजा होतात. ही चौकशी राजीनाम्यानंतर नाही, याच महिन्यात करा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. बाबांची पॉलिसी हातात येईपर्यंत तिकिटं काढू नका, इतकं मी आग्रहाने सांगेन.

राहिला बाबांचा मुद्दा. त्यांची काळजी खरी आहे, पण कर्ज फिटेपर्यंत थांबायचं तर अजून बारा-तेरा वर्षं. तेव्हा तुम्ही ४८ च्या असाल आणि आईबाबांना सोडून वर्षभर बाहेर राहणं बहुधा जमणार नाही. आज ते दोघं स्वतःचं स्वतः करू शकत असतील, तर हीच वेळ आहे. किंमतही त्यांना मोकळेपणाने सांगा: दरमहा ४० हजारांची एसआयपी वर्षभर थांबवली तर, १० टक्के परतावा धरून, वीस वर्षांनंतरचे सुमारे ३२ लाख कमी होतील, ६ टक्के महागाई वजा केली तर आजचे दहा लाख. त्यात २६ लाखांचा खर्च मिळवा. तुमच्या वयाला आणि मिळकतीला हे झेपतं.

एप्रिलमध्ये एचआरला बिनपगारी दीर्घ रजेबद्दल विचारून बघा. मिळाली तर नोकरी टिकते, ग्रॅच्युइटी मात्र पुढे जाते. तेवढा सौदा चांगला. नाही म्हणाले तर नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड मोजून जूनअखेर राजीनामा द्या, आणि गणपती घरी करून निघा.