आधी नाव जुळव, मग तिकीट बघ

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

‘मॅडम, ऑफर लेटर आलं!’ हा तुझा मेसेज मी रात्री तीनदा वाचला. जर्मनी, तेही सहा महिने! फार आनंद झाला. पण शेवटी तू विमानाच्या तिकिटाचं विचारलंस, म्हणून सकाळी उठून आधी हे पत्र लिहायला घेतलं. पक्कं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढायचं.

शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या छोट्या मुक्कामाच्या व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तुला सहा महिने राहायचंय, म्हणजे जर्मनीचा जास्त मुक्कामाचा राष्ट्रीय व्हिसा लागणार. ‘टुरिस्टवर जा, तिथे गेल्यावर बघू’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं मुळीच ऐकू नकोस.

आता खरं काम नावाचं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि नावाच्या रकान्यात बहुतेकदा तुझं नि वडिलांचं नाव एकत्र. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण ज्याने ही पद्धत कधी पाहिलीच नाही, त्याला त्या दोन वेगळ्या मुली वाटू शकतात. माझ्या एका विद्यार्थ्याचं आडनाव वाघ. पासपोर्टवर डब्ल्यू, कंपनीच्या पत्रावर व्ही. दुरुस्त पत्र येईपर्यंत व्हिसाची अपॉइंटमेंट हुकली, आणि पुढची मिळेस्तोवर रुजू व्हायची तारीख उलटून गेली. ते पत्र मी स्वतः वाचलं होतं, बाळा, आणि माझ्या नजरेतून ते अक्षर सुटलं. त्याचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून तू एकटीने तपासू नकोस. पासपोर्ट तू धर, बाकीच्या कागदांवरचं नाव आईला एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सांग. विम्याच्या कागदावरचंसुद्धा.

व्हिसासाठी दाखवायच्या पैशांचं बाबांशी नीट बोल. तुमची द्राक्षबाग, म्हणजे पैसा हंगामात एकदम येणार आणि एरवी खातं रिकामं दिसणार. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे दाखवायला विवरणपत्रही नसेल. यात लपवण्यासारखं काहीच नाही, पण रक्कम कुठून आली ते कागदावर दिसायला हवं. सातबारा, व्यापाऱ्याच्या पावत्या, त्यांचं इंग्रजी भाषांतर आणि सोबत बाबांच्या सहीचं छोटंसं पत्र असू दे. मामांकडून आदल्या आठवड्यात दोन लाख आणून खात्यात टाकायचे आणि नंतर परत करायचे, हे मात्र करू नकोस. तसा फुगवलेला आकडा पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो, आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरही शंका घेतली जाते.

अपॉइंटमेंट मुंबईत. वेळ सकाळची मिळाली तर पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नकोस. ती सीएसएमटीला पोचेपर्यंत दहा वाजून जातात. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की सगळंच अडकतं. आदल्या दिवशीच जा, आत्याकडे मुक्काम कर. मूळ कागद एका फाइलीत, झेरॉक्स दुसऱ्या.

सामानाचं थोडक्यात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. आजी तुपाची बरणी आणि पेढे देणारच, पण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, आणि ताजी द्राक्षंही तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. आजीला हे आधीच समजावून सांग, विमानतळावर बरणी टाकून द्यावी लागली तर तिला फार लागेल. चिवडा भरपूर ने.

रविवारी चारला सगळे कागद घेऊन घरी ये. पासपोर्ट विसरू नकोस.

तुझी,
मॅडम