वाचकांचे प्रश्न: ठेका आणि त्यावरचे शब्द

प्रश्न: भाचा अकरावीला सांगलीत आहे. रील्सवर डीजेच्या ठेक्यावरची गाणी ऐकतो. त्यांत एका समाजाला हाकलून लावण्याची भाषा असते. हटकलं, तर म्हणतो, ‘मामा, मी नुसता बीट ऐकतो.’ काय करू? (एक वाचक, तासगाव)

उत्तर: भाचा खोटं बोलत नाही, म्हणूनच काळजी वाटते. ठेका अंगात आधी भिनतो आणि धृपद न ऐकताच पाठ होतं. जर्मनीत एका डान्स गाण्याच्या चालीवर ‘परदेश्यांनो, चालते व्हा’ ही घोषणा पसरली. मूळ गाण्यात द्वेषाचा एक शब्द नाही. मे २०२४ मध्ये झिल्ट बेटावरच्या पार्टीत तरुण ती गातानाचा व्हिडिओ फिरला. त्या वर्षी म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या मोठ्या जत्रेने ते गाणंच वाजवायचं नाही असं ठरवलं, कारण आता नुसती चाल लावली तरी घोषणा ओठांवर येते.

राजकारणात गाणं आपल्याला नवं नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊंनी पोवाड्यांनी सभा गाजवल्या. पण शाहीर समोर उभा असायचा, त्याला जाब विचारता यायचा. रीलच्या तुकड्याला धनी नसतो. एकाने टाकलेला ऑडिओ शेकडो जण आपापल्या व्हिडिओला जोडतात. तक्रारीवरून काढला, तर तोच वेग किंवा पट्टी बदलून दुसऱ्या नावाने येतो आणि ओळखणारी यंत्रणा बऱ्याचदा फसते.

फोन हिसकावू नका, तो मित्राच्या फोनवर ऐकेल. एकच गाणं निवडा, त्याचे शब्द त्यालाच वहीत उतरवायला सांगा आणि ठेक्याशिवाय, बातमी वाचावी तसे मोठ्याने वाचायला लावा. मग विचारा: यातले ‘ते’ म्हणजे कोण? आपल्या गल्लीतले कोण? त्यांचं काय करा म्हणतात? ‘ते’च्या जागी वर्गातल्या एखाद्या मित्राचं नाव घातलं की बहुतेकदा वाचणाऱ्याची जीभ अडखळते.

त्यानंतर इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये ‘कंटेंट प्रेफरन्सेस’मधून सुचवलेला कंटेंट रीसेट करा आणि यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसा. तसली खाती अनफॉलो केली नाहीत, तर सगळं परत येतं. ‘बघा किती घाण आहे’ म्हणत ती रील पुढे पाठवू नका. शेअर तो शेअरच, तुमचा राग यंत्राला कळत नाही.

प्रश्न: असं गाणं स्टेटसला ठेवलं तर गुन्हा होतो का? (एक वाचक, कराड)

उत्तर: होऊ शकतो. समाजासमाजांत वैर पेटवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. शब्द गाण्यात आहेत म्हणून सूट नाही. मात्र प्रत्येक तिखट गाणं गुन्हा नसतं: व्हिडिओमागे वाजलेल्या एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. स्टेटस २४ तासांत जातं, स्क्रीनशॉट राहतो. जून २०२३ मध्ये शेजारच्या कोल्हापुरात दंगलीची ठिणगी मोबाइलच्या स्टेटसवरूनच पडली. तुम्हाला कुणाचं असं स्टेटस दिसलं, तर वेळ आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पोलीस ठाण्यात द्या, ग्रुपवर टाकू नका.