डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही: वाचकांचे प्रश्न

चतुर्थीसाठी गावचं घर उघडलं. तीन महिने बंद होतं. सागवानी कपाट, आतल्या चादरी, चौरंग, सगळ्यावर पांढरट-हिरवी बुरशी धरली होती. फडक्याने झटकून काढली, तर दुसऱ्या दिवसापासून घरभर शिंका. कपाटात डांबरगोळ्या भरपूर होत्या, तरी असं का? (सावंतवाडी तालुका)

डांबरगोळ्या कसरीसाठी असतात. बुरशीला त्यांचं काही वाटत नाही, कापराचंही नाही. तिला हवी असते ती ओल. हवेतली आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की लाकूड, कापड, कातडं, कागद यांवर ती उगवतेच, आणि बंद घरात पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते.

शिंकांचं कारण झटकणं. कोरड्या बुरशीवर फडकं मारलं की तिचे बीजाणू धुरळ्यासारखे उडतात आणि तासन् तास हवेत तरंगतात. बुरशी मेलेली असली तरी हा धुरळा त्रास देतोच, आणि बुरशीने तयार केलेली विषं असली तर तीही याच कणांना चिकटून येतात. म्हणून ‘बुरशी मारायला काय फवारू?’ हा प्रश्न दुय्यम आहे. ती उडू न देता वस्तूवरून काढून घराबाहेर घालवायची असते.

आता पुन्हा करायचं ते असं. एन-९५ मास्क (ओढणी किंवा साधा कापडी मास्क चालत नाही), रबरी हातमोजे, चष्मा. पंखा बंद, खिडक्या उघड्या, आतल्या खोल्यांची दारं लावलेली. हलवता येईल ते पडवीत किंवा अंगणात न्या. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घाला, जुनं सुती फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा, पण घासू नका. वरून खाली एकदा फिरवलं की फडक्याची घडी बदला. चारही घड्या वापरून झाल्या की ते फडकं पुन्हा त्याच बादलीत बुडवू नका, पिशवीत टाका आणि नवं घ्या. बहुतेकांचं इथेच चुकतं: एकच फडकं आणि एकच गढूळ बादली घेऊन बुरशी अख्ख्या कपाटाला सारवली जाते. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने एकदा आणि कोरड्याने एकदा पुसा. कपाटाची पाठ आणि खणांची खालची बाजू विसरू नका. भिंतीला टेकलेली पाठच सर्वांत आधी धरते.

यानंतर पंखा लावा. दारं-खण उघडे ठेवून निदान दोन-तीन दिवस वाळू द्या. लाकूड हाताला कोरडं लागलं तरी आत ओल असते. पूर्ण वाळल्यावर हवं तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा, जवळ दिवा-उदबत्ती नको. मात्र जुन्या सागवानावर लाखेचं फ्रेंच पॉलिश असेल तर या अल्कोहोलने ते विरघळतं आणि पांढरे डाग पडतात. आधी मागच्या कोपऱ्यात बोटभर जागेवर करून बघा. उघड्या लाकडावर ब्लीच वापरू नका. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, क्लोरीन वरच राहतो. रंग उडतो आणि बुरशीला नवी ओल मिळते.

चादरी सोसेल तितक्या गरम पाण्यात साबणाने धुवा, रंगीत सुती असतील तर ऑक्सिजन ब्लीचमध्ये (क्लोरीन नसलेलं ब्लीच) अर्धा तास भिजवा. कपाट परत ठेवताना भिंतीपासून चार बोटं सोडा. साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. अगदी बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर नसेल तर तो पुढून ओढतो आणि मागून खोलीभर सोडतो.

घरात कोणाला दमा असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा मधुमेह आटोक्यात नसेल, तर हे काम त्यांनी करू नये आणि ते चालू असताना घरात थांबूही नये.

पुरात भिजलेली कापसाची गादी उन्हात वाळवून पिंजून घेता येईल का? (चिपळूण)

नाही. पुराच्या पाण्यात सांडपाणीही असतं. गादी २४ ते ४८ तासांत आतपर्यंत कोरडी झाली नाही तर बुरशी मध्यभागी धरते, तिथे ऊन पोचत नाही. पिंजताना ती सगळी पिंजणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. फोमच्या गाद्या, उश्या, भिजलेली पार्टिकल बोर्डाची कपाटं यांचंही तेच. जीव कितीही अडकला असला तरी टाका, आणि प्लास्टिकात बांधून टाका. स्टील, काच, चिनी माती साबणाने धुऊन निर्धास्त वापरा.

आईच्या पैठणीवर घडीच्या जागी पांढरे ठिपके आलेत, काही ठिकाणी तपकिरी. घरी धुवावी का? (नाशिक)

घरी धुऊ नका, आणि ब्लीच तर तिच्या आसपासही नको. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट रेशीम आणि लोकर अक्षरशः विरघळवतं, नुसता रंग उडवून थांबत नाही. उघडीप असेल त्या दिवशी गच्चीत, सावलीत, स्वच्छ चादरीवर पैठणी पूर्ण उलगडा. उन्हात रंग उतरतो. मास्क लावून मऊ ब्रशाने एकाच दिशेने, वीण जाईल तसं हलक्या हाताने झाडा. जरीवर ब्रश दाबू नका. तासाभराने उलटून दुसरी बाजू. मग ड्रायक्लीनला द्या आणि ‘बुरशी आहे’ हे सांगून द्या, म्हणजे इतर कपड्यांत मिसळणार नाहीत.

पांढरे ठिपके बहुतेक जातील. तपकिरी डाग म्हणजे बुरशीचा रंग धाग्यात मुरलेला असतो. त्यातले पुष्कळसे कायमचे राहतात आणि त्यांच्यामागे लागून रेशीम विरतं. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता मलमलीत गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. इस्त्री केलेली गरम साडी लगेच आत ठेवू नका, तिची वाफ घडीतच अडकते.

भिंतीवर काळी बुरशी आली आहे. करोनानंतर माणसं दगावली ती हीच का? (ठाणे)

नाही. २०२१ मध्ये बातम्यांत ‘काळी बुरशी’ म्हणून आलेला आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो वेगळ्या गटातल्या बुरश्यांमुळे होतो, आणि काळेपणा होता तो मेलेल्या ऊतींचा. भिंतीवरची बुरशी विषारी आहे की नाही हे तिच्या रंगावरून कळत नाही, आणि पुसण्याची पद्धत त्याने बदलतही नाही.

खरा प्रश्न ओल कुठून येते हा आहे. एक फूट चौकोनी प्लास्टिक भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टीने बंद करून लावा. दोन दिवसांनी थेंब आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय: प्लंबर, गच्ची, बाहेरचा गिलावा तपासा. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या हवेची वाफ आहे. ओल न थांबवता वरून रंग मारणं म्हणजे रंगाचे पैसे पाण्यात. बुरशी तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर स्वतः न करता जाणकाराकडून करून घ्या.

शेतातल्या शेंगांच्या पोत्याला खालून ओल लागली. काही दाण्यांवर पिवळट-हिरवी बुरशी आहे. धुऊन, भाजून कूट केलं तर चालेल का? नाहीतर गाईला घालू. (जळगाव जिल्हा)

दोन्ही नको. भुईमुगावरच्या अशा बुरशीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असण्याची शक्यता मोठी, आणि तिचं विष अफ्लाटॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीतून त्याचा शोध लागला. ते यकृताच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. उकळल्याने ते जात नाही, भाजल्याने थोडं कमी होतं, पण उरतं. धुतल्याने वरची भुकटी जाते, दाण्यात उतरलेलं विष तसंच राहतं. कच्च्या घाणीच्या तेलातही ते येऊ शकतं.

गाईला घातलं तर त्याचंच एक रूप दुधात उतरतं आणि ते दूध पुन्हा तुमच्याच घरी येतं. ओल लागलेला भाग वेगळा काढून पुरा. उरलेल्यातले सुरकुतलेले, रंग बदललेले, किडीने पोखरलेले दाणे हाताने निवडा. कडवट लागलेला दाणा गिळू नका, थुंका. पुढच्या हंगामात पोतं फळीवर ठेवा, आणि शेंग कानाशी धरून हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे, त्याआधी भरू नका.

बाथरूमच्या फरशांच्या सांध्यांवर ब्लीच टाकलं, जात नाही म्हणून वर टॉयलेट क्लीनर ओतला. डोळे झोंबले, खोकला थांबेना. (डोंबिवली)

तुम्ही बाथरूममध्ये क्लोरीन वायू तयार केलात. ब्लीचबरोबर आम्ल (टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड, व्हिनेगर, लिंबू) किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर कधीच नको, एकापाठोपाठ एक तर मुळीच नको. असं झालं तर वर आणखी काही न ओतता बाहेर पडा, दार-खिडकी उघडी ठेवा. खोकला किंवा धाप राहिली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सांध्यांसाठी एक लिटर पाण्यात ६० मिलिलिटर घरगुती ब्लीच पुरतं: आधी साबणाने घासून धुवा, मग हे लावून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा. अंघोळीनंतर फरशीवरचं पाणी वायपरने ओढून घेतलं तर हे वर्षातून एखाद्या वेळीच करावं लागेल.