मांडवाच्या दारात जाण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. कॉलेजला जाणारी तुम्ही दहा-बारा पोरंपोरी मिळून गावातले बालविवाह थांबवायला निघालात, हे वाचून फार बरं वाटलं. लग्न ठरल्याचं कळलं तर आधी कुणाला फोन करायचा, असं तू विचारलंस. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कर. हा नंबर चोवीस तास चालतो आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. २००६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एवढं गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

पण तो फोन करायची वेळ येते तेव्हा गावाला चार-पाच महिने उशीर झालेला असतो. मला त्या महिन्यांबद्दल लिहायचं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघ. २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये १८ पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या, आणि आपल्या बीड जिल्ह्यात ४० टक्क्यांहून जास्त. हा फरक अडाणीपणाने पडत नाही. इथली आईसुद्धा पोरीला शिकवायचं म्हणते. पण पावसाळ्यात ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, दिवाळीच्या आसपास टोळी साखर कारखान्यावर जाते ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आजी थकलेली. उसाच्या फडावर न्यावी तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, आंघोळीला आडोसा नाही. वर, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे लग्न झालं की नवा कोयता उभा राहतो आणि त्यावर उचल मिळते. या सगळ्यात आईबापाला लग्न हाच एक बंदोबस्त दिसतो. तो चुकीचाच आहे, त्या पोरीच्या शरीराची आणि आयुष्याची नासाडी करणारा आहे. तरी ‘हिला कुठं ठेवू?’ या आईच्या प्रश्नाला गावाकडे उत्तर नसेल, तर तुमचं पथनाट्य ती शांतपणे बघेल आणि पुढच्या आठवड्यात साखरपुडा उरकेल.

म्हणून आधी वह्या घ्या आणि घरोघर फिरा. सहावीपासून बारावीपर्यंतच्या किती मुलींचे आईबाप यंदा तोडणीला जाणार, मागे घरात कोण राहणार, शाळा कुठे, जायचं कसं, हे लिहा. या कामात तुमची पोरं एकटी पाठवू नकोस. सोबत आशाताई किंवा बचतगटातली एखादी मावशी असू दे. तिच्यासमोर चुलीपाशी ज्या गोष्टी निघतात त्या तुमच्यासमोर निघणार नाहीत.

यादी झाली की भोकं दिसतील. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हंगामी वसतिगृह चालवते, पण ते आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. नेमकी नववीतली पोर त्यातून सुटते. मोठ्या मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, त्याचे अर्ज वेळेत भरायचे तर मजुरीची आणि उत्पन्नाची कागदपत्रं आईबाप गावात असतानाच जमवावी लागतात. इथे तुमच्यासारख्या शिकलेल्या पोरांचा खरा उपयोग आहे. बाकीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पण पास असून गाडी शाळेच्या वेळेला येत नसेल तर काय कामाचा? आगार व्यवस्थापकाकडे एकट्या पोराने अर्ज नेला तर तो फायलीत जातो. ग्रामसभेचा ठराव घेऊन सरपंच, दोन-तीन आया आणि तुम्ही गेलात की तो बोलायला बसवतो.

ग्रामसभेचं मात्र तारखा बघून ठरव. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या सुमाराला होतात. २६ जानेवारीला अर्धा गाव फडात असतो, त्या दिवशी हा विषय घेणं म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्या पाठीमागे ठरवणं. १५ ऑगस्टची सभा धरा. तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. विषय तिथून वर येऊ दे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तो मांडणारी आणि अनुमोदन देणारी दोघी गावातल्याच बायका होत्या. पुढे शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसं करायला परिपत्रक काढलं.

मुकादमालाही सभेला बोलवा. तुमच्यातल्या काहींना त्याचा राग आहे, तो मला कळतो. पण कोणत्या घराने नव्या जोडप्यावर उचल घेतली हे त्याला सगळ्यांच्या आधी माहीत असतं. गावासमोर ‘१८ च्या आतल्या पोरीचा कोयता मी धरणार नाही’ असं एकाने जरी म्हटलं, तरी दुसऱ्यांना नाही म्हणणं जड जातं.

एका बाबतीत मी फार कडक आहे. लग्न थांबवावं लागलंच तर पोरीचा फोटो, नाव, घर, काहीही मोबाईलवर फिरता कामा नये. व्हिडिओ काढणाऱ्याला गटातून त्याच दिवशी बाजूला कर. पोलीस आणि बाल कल्याण समिती आपलं काम करतील. पण ती पोर उद्या त्याच गल्लीतून शाळेत जाणार आहे, आणि तिच्या आईशी महिनाभराने कुणीतरी बोलायला हवं. ते कोण करणार, हे आधीच ठरवून ठेवा. बहुधा ती मावशीच.

आषाढी झाली की यादी घेऊन बसू. मी गावात येईन, तोवर निदान तुझ्या वस्तीतली घरं पूर्ण कर आणि मुख्याध्यापकांकडून आठवी पास होऊन नववीला नाव न घातलेल्या मुलींची संख्या विचारून घे.

तुझी,
ताई